कमी चाललेल्या गाडीचं मोल

जुनी कॅम्परव्हॅन विकायला काढणारा माणूस तीन गोष्टी सांगतो. गाडी कुठल्या सालची आहे, किती किलोमीटर चालली आहे आणि आतलं काम करून घ्यायला किती पैसे लागले. घेणाराही हेच तीन प्रश्न विचारतो. मग गाडीची शोरूममधली किंमत आणि आतल्या कामाची बिलं यांची बेरीज होते. साल पाहून घसारा वजा होतो. किलोमीटर कमी असतील तर वर थोडे पैसे चढतात, जास्त असतील तर उतरतात. उरलेल्या आकड्यावर घासाघीस होते. विम्याच्या कागदांवरून, जुन्या गाड्यांच्या ॲपवरून आणि दलालांच्या बोलण्यातून ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याबद्दल कोणाला शंकाच येत नाही.

माझा या रीतीला विरोध आहे. पुण्यात गेली बावीस वर्षं मी वाहनांची पाहणी आणि मूल्यांकन करतो. कॅम्परव्हॅन माझ्याकडे येऊ लागल्या त्या अलीकडच्या काही वर्षांत. सुरुवातीला मीही साल आणि किलोमीटर यांच्याच आधाराने आकडे काढले, आणि त्यातले काही इतके चुकले की ते आठवून आजही वाईट वाटतं, कारण त्या आकड्यांवर विसंबून लोकांनी निवृत्तीचे पैसे घातले होते. म्हणून स्पष्ट लिहितो. कॅम्परव्हॅनची किंमत तिच्या वयावरून आणि चालण्यावरून निघत नाही. तिच्यात शिरलेलं पाणी, तिचे कागद आणि आतल्या एकेका वस्तूचं उरलेलं आयुष्य, यांवरून ती काढावी लागते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. साधी हॅचबॅक घ्या. एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या एका शहरात विकल्या जातात. त्यातली एखादी फार जपलेली असते, एखादी फार रगडलेली असते, पण हजारांच्या व्यवहारात हे फरक एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरी खरी ठरते. साल आणि किलोमीटर सांगितले की भाव कळतो, तो या गर्दीमुळे. शिवाय हॅचबॅक ही सगळीच्या सगळी कारखान्यातून आलेली असते. इंजिन, पत्रा, सीट, वायरिंग हे सारं एकाच ठिकाणी, एकाच मापाने बसवलेलं. त्यामुळे ती जुनी होते तीही साधारण एका चालीने.

कॅम्परव्हॅनच्या बाबतीत या दोन्ही अटी मोडतात. आपल्याकडे बहुतेक कॅम्परव्हॅन तयार गाडीवर काम करून बनतात, आणि त्यासाठी फार वेळा निवडली जाते ती ट्रॅव्हलर. ही गाडी आपल्या घरची म्हणावी अशी. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतल्या टेम्पो कंपनीशी सहकार्य करून भारतात तीनचाकी मालवाहू गाड्या बनवल्या आणि त्या जर्मन कंपनीचं नाव मराठीत मालाच्या गाडीसाठी सामान्यनाम होऊन बसलं. १९८७ साली याच बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या एका व्हॅनवर बेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर बाजारात आणली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी लोक अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतात. म्हणजे सांगाडा कारखान्याचा. पण आतलं घर? ते कधी परवानाधारक बॉडी बिल्डरने केलेलं असतं, कधी फर्निचरवाल्या सुताराने, तर कधी मालकाने स्वतः सुट्टीच्या दिवसांत. कारखान्याच्या पत्र्याला खिडकीसाठी भोकं पाडलेली असतात, छपराला पंख्यासाठी चौकट कापलेली असते, जमिनीत शेकडो स्क्रू गेलेले असतात. अशा दोन गाड्या एकसारख्या नसतात. जिथे दोन सारख्या नाहीत तिथे सरासरीला अर्थ राहत नाही.

इथे जुन्या न्यायशास्त्राची मदत घेतो. कारण आपण करतो ती चूक नैयायिकांनी फार पूर्वी नेमकी दाखवून ठेवली आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान बरोबर. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान चुकतं. तापवून लाल केलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला अग्नीशिवाय आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ओलं सरपण. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात आणि उपाधी सापडली की ते अनुमान ढासळतं. ‘किलोमीटर कमी, म्हणून झीज कमी’ हे अनुमान त्याच जातीचं आहे. त्याची लपलेली अट अशी: गाडी कोरड्या जागी उभी असली पाहिजे आणि मधून मधून नियमाने वापरली गेली पाहिजे. ही अट पुरी नसेल तर कमी किलोमीटर गुण राहत नाहीत. कित्येकदा तेच दोषाची पहिली खूण ठरतात.

एका दिवशी पाहिलेल्या दोन गाड्यांची गोष्ट सांगतो. निवृत्त शिक्षक दांपत्याला कॅम्परव्हॅन घ्यायची होती. त्यांनी दोन गाड्या निवडल्या होत्या. दोन्ही ट्रॅव्हलर, दोन्ही सात वर्षांच्या, दोन्हींत आतल्या कामाला सुमारे आठ लाख लागलेले.

पहिली गाडी पुण्यातच, एका सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये कव्हरखाली होती. ओडोमीटर २१ हजारांवर. मालक सज्जन गृहस्थ, बिलांची फाईल हातात घेऊनच खाली आले. “साहेब, गाडी फिरवलीच नाही आम्ही,” ते म्हणाले. “सात वर्षांत चार मोठ्या ट्रिपा. बाकी कव्हरखालीच.” कव्हर काढलं, दार उघडलं आणि ओल्या गोणपाटाचा वास आला. गादी उचलली. पलंगाच्या प्लायवर काळे ठिपके होते. छपरावरच्या पंख्याच्या चौकटीलगत अंगठा दाबला तर प्लाय मऊ लागला, आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिथे विशेष जोर न लावता पाऊण इंच आत गेलं. ओलीच्या मीटरने त्या जागी २८ टक्के दाखवले. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की कुजवणारी बुरशी धरते, हा सुतारकामातला जुना अनुभव आहे. चौकटीला सिलिकॉन लावलेलं होतं, न्हाणीघराच्या फरशीला लावतात तेच. ते एका कडेने सुटलं होतं.

प्लायची एक फळी काढायची मालकांची परवानगी घेतली. मागे पत्र्यावर तांबडी रेघ उतरलेली दिसली, वर खिडकीच्या कापलेल्या काठापासून खाली चाकाच्या कमानीपर्यंत. कारखान्यात पत्र्याला बुडवून लावलेला रंगाचा थर जिथे कापला जातो, तिथे कड उघडी पडते. त्या कडेला प्रायमर लावला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो. कव्हरने वरचं पाणी अडवलं असेल, पण आतली हवाही कोंडली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्याची दमट हवा त्या बंद गाडीत मुरत राहिली. टायरची नक्षी नवीकोरी होती. पण टायरच्या कडेला बनावटीची तारीख सांगणारे जे चार आकडे असतात ते होते १४१७, म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी वयानेच कडक होतं आणि या टायरच्या भिंतीवर बारीक चिरा पडल्या होत्या. शिसे-आम्लाच्या दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.७ च्या आसपास दाखवते, यांनी १०.२ दाखवले. बॅटरी रिकामी होऊन पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ते मागे फिरत नाहीत. इंजिनावरच्या वायरिंगची एक वेणी उंदरांनी कुरतडलेली होती. इंजिन मात्र चांगलं होतं, तेवढं म्हणायलाच हवं.

दुसरी गाडी सांगलीहून आली होती. ओडोमीटर १ लाख १४ हजार. बाहेरचा रंग उन्हाने फिकट झालेला, पुढच्या बंपरला खरचटलेलं. मालकिणीने गाडीतल्या खणातून शंभरपानी वही काढून दिली. प्रत्येक पानावर तारीख, किलोमीटर आणि केलेलं काम. त्यात एक नोंद दर वर्षी मे महिन्यात होती: ‘छपराचे जोड तपासले, जुनं पॉलियुरेथेन खरवडून नवीन लावलं.’ मीटरने कुठेही चौदा टक्क्यांच्या वर आकडा दाखवला नाही. टायर दोन वर्षांपूर्वीचे. क्लच मात्र शेवटाला आला होता. लिथियम फॉस्फेटची बॅटरी होती, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर, म्हणजे नवी असताना २,५६० वॉट-अवर. ती पूर्ण भरून ५०० वॉटचा हीटर लावला आणि घड्याळ पाहत बसलो. तीन तास पंचेचाळीस मिनिटं चालली. इन्व्हर्टरची दहा टक्के घट धरली तर मूळ क्षमतेच्या सुमारे एक्क्याऐंशी टक्के शिल्लक. लाखावर किलोमीटर झालेल्या गाडीतली सात वर्षांची बॅटरी जिवंत होती आणि २१ हजार चाललेल्या गाडीतल्या बॅटऱ्या भंगारात द्यायच्या होत्या.

आता दोन्हींचे आकडे गोल करून मांडतो. प्रचलित रीतीने पहिली गाडी अशी: गाडी चौदा लाख, काम आठ लाख, बेरीज बावीस. सात वर्षांचा निम्मा घसारा, राहिले अकरा. कमी चालल्याचा एक लाख वर. मागणी बारा लाख. दुसरी त्याच हिशेबाने अकरा, आणि जास्त चालल्याचे दीड लाख वजा. मागणी साडेनऊ लाख.

माझा हिशेब वेगळ्या टोकापासून सुरू झाला. आधी विचारलं की काहीही आतलं काम नसलेली, त्याच सालची, तितकीच चाललेली साधी ट्रॅव्हलर आज बाजारात कितीला जाते. या गाड्यांचे व्यवहार भरपूर होतात, त्यामुळे हा भाव खात्रीने मिळतो. इथे साल आणि किलोमीटर यांना मी पूर्ण मान देतो, कारण हा गाडीचा भाग आहे. पहिलीसाठी तो भाव साडेसहा लाख निघाला, दुसरीसाठी पाच. मग पहिलीतून टायरचे साठ हजार वजा केले. गंज कापून पत्रा जोडणं, रंग आणि छपराचे जोड नव्याने करणं याचे एक लाख चाळीस हजार वजा केले. कुजलेलं फर्निचर उचकटून टाकण्याची मजुरी तीस हजार वजा केली. राहिले चार लाख वीस हजार. सोलर पॅनेल, फ्रिज, पंखा, खिडक्यांच्या चौकटी अशा पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तूंचे नव्वद हजार मिळवले. पाच लाख दहा हजार. दुसरीतून क्लचचे तीस हजार वजा, चार लाख सत्तर हजार. मग फर्निचर आणि आतलं अस्तर एक लाख ऐंशी हजार, विजेची यंत्रणा एक लाख वीस हजार, फ्रिज, पंखे आणि पाण्याची सोय सत्तर हजार. एकूण आठ लाख चाळीस हजार.

प्रचलित रीत सांगत होती की पहिली गाडी दुसरीपेक्षा अडीच लाखांनी महाग. खरं पाहता ती तीन लाख तीस हजारांनी स्वस्त होती. रीतीचा आकडा तर चुकलाच, पण कोणती गाडी वरची आणि कोणती खालची हेसुद्धा उलटं झालं, आणि मला त्यातली ही दुसरी चूक जास्त गंभीर वाटते.

आता प्रचलित मताच्या दुसऱ्या आधाराकडे वळतो, तो म्हणजे आयडीव्ही. विम्याच्या कागदावर छापलेला हा आकडा लोक गाडीची अधिकृत किंमत मानतात. मोटार विम्याच्या टॅरिफमधली घसाऱ्याची शिडी ठरलेली आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढच्या गाडीसाठी शिडीच नाही, तिथे विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत आकडा ठरवायचा. म्हणजे सात वर्षांच्या गाडीला ‘नियमाप्रमाणे निम्मा घसारा’ लावणारा माणूस जो नियम सांगतो, तो त्या गाडीला लागूच होत नाही. शिवाय या शिडीचा हेतू लक्षात घ्या. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर कंपनीने कमाल किती रक्कम द्यायची, याची ती मर्यादा आहे. हजारो पॉलिसींना एकाच मापाने तोलण्यासाठी केलेली सोय आहे ती, एका गाडीची परीक्षा नव्हे. आणि ती शिडी लागते कारखान्याच्या जाहीर विक्री किमतीला. नंतर बसवलेली विजेची उपकरणं, इन्व्हर्टर, फ्रिज हे वेगळे नोंदवून वेगळा हप्ता भरला नसेल तर त्या आकड्यात धरलेलेच नसतात. नुकसानभरपाईच्या हिशेबात तेच टॅरिफ रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांना सरसकट ५० टक्के घसारा लावतं, फायबरला ३०, काचेला शून्य, आणि धातूच्या भागांना वयाप्रमाणे. म्हणजे एका गाडीतल्या सगळ्या वस्तू एकाच चालीने जुन्या होत नाहीत हे विम्याने स्वतःच मान्य केलेलं आहे. आपण मात्र त्यातला एकच आकडा उचलून सगळ्या गाडीला चिकटवतो.

कागदांचा मुद्दा याहून मोठा आहे आणि त्याकडे फार कमी लोक पाहतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठासून सांगितलं. कॅम्परव्हॅन बेकायदा आहे असा याचा अर्थ नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्याप्रमाणे मंजुरी घेऊन बनलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत. पण सुताराकडून आतलं काम करून घेतलेल्या कित्येक गाड्यांच्या आरसीवर अजून जुन्याच आसनसंख्येची प्रवासी गाडी असते. पासिंगच्या दिवशी सीट परत बसवायच्या, पासिंग झालं की काढायच्या, हा प्रकार मी पाहिला आहे. अशी गाडी घेणाऱ्याच्या नावावर कशी होणार? अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न कोणता विचारेल? म्हणून अशा गाडीतलं फर्निचर मी मिळकतीच्या रकान्यात लिहीत नाही, बोज्याच्या रकान्यात लिहितो. ते काढून मूळ सीट बसवायला जो खर्च येईल तो साध्या गाडीच्या भावातून वजा करतो. आठ लाखांचं सुरेख सागवानी काम केलेल्या एका गाडीची किंमत मी साध्या ट्रॅव्हलरपेक्षा कमी लिहून दिली, तेव्हा मालक फार दुखावले. मला त्यांचं दुःख कळत होतं. पण तो आकडा मी आजही बदलणार नाही.

पाटीचा रंगही पाहावा. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत कॅम्परव्हॅन दोन्ही याद्यांत आहे. सर्वसाधारणपणे परिवहन वाहनांत, आणि खासगी वापराची असेल तर बिगर-परिवहन वाहनांत. पांढऱ्या, म्हणजे बिगर-परिवहन पाटीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी. पिवळ्या, म्हणजे परिवहन पाटीला फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. दोन जुळ्या गाड्या पाटीच्या रंगामुळे वेगवेगळ्या किमतीच्या होतात. परराज्यातली गाडी असेल तर इथला कर आणि नवी नोंदणी हा खर्च घेणाऱ्याच्या माथी येतो, तो आधीच हिशेबात धरावा.

वजनाबद्दल थोडक्यात सांगतो, पण ते टाळू नये. आरसीवर गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. पाण्याची टाकी आणि डिझेल पूर्ण भरून गाडी काट्यावर घ्या. बारा मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट सुमारे चोवीस किलो भरते आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यामुळे आतलं काम पाहता पाहता जड होतं. एका गाडीत कमाल वजन ३,५०० किलो होतं आणि पाणी-डिझेल भरलेली पण माणसांविना गाडीच काट्यावर ३,२८० भरली. उरलेल्या २२० किलोंत चार माणसं आणि त्यांचं सामान कसं बसवायचं? ती गाडी चौघांची म्हणून विकायला काढली होती. तिची किंमत दोघांच्या गाडीची.

माझ्या मतावर घेतले जाणारे दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा, की किंमत म्हणजे गिऱ्हाईक देईल ती, बाकी पंडिती आहे. यात व्यवहाराचं शहाणपण दिसतं, पण ते अर्धंच आहे. मूल्यांकनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत बाजारमूल्याची व्याख्या करताना घेणारा आणि देणारा दोघेही राजीखुशीने, एकमेकांशी कसलाही दुसरा संबंध नसताना आणि वस्तूची पुरेशी माहिती असताना व्यवहार करत आहेत, असं गृहीत धरलं आहे. ही माहितीची अट काढून टाकली तर ते मूल्य उरत नाही, नुसता घडून गेलेला सौदा उरतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्याच बाजारावर प्रसिद्ध निबंध लिहिला आणि २००१ साली त्यांना त्या विचाराबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. विकणाऱ्याला दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्याच गाड्यांना सारखाच कमी भाव देऊ लागतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. सांगलीच्या त्या बाईंना साडेनऊ मागूनही पहिल्या दोन गिऱ्हाइकांनी सहा-साडेसहा देऊ केले होते, केवळ ओडोमीटर पाहून. वही कोणी उघडलीच नव्हती. पाण्यात म्हैस आणि वर मोल, असाच तो प्रकार.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मला तो अधिक जवळचा वाटतो. हौसेला मोल नसतं, असं मालक म्हणतात. या गाडीत आम्ही मुलांना घेऊन कच्छचं रण पाहिलं, हा ओटा बायकोच्या उंचीप्रमाणे बनवून घेतला, याला घसारा कसला लावता? खरं आहे, त्या हौसेला मोल नाही, म्हणूनच ती विकता येत नाही आणि विकत घेताही येत नाही. पाच फूट उंचीच्या गृहिणीसाठी केलेला ओटा पावणेसहा फूट उंचीच्या घेणाऱ्याला वाकायला लावतो. साडेपाच फुटी पलंगावर त्याचे पाय बाहेर राहतात. एकाच्या अंगाला बेतलेलं घर दुसऱ्याच्या अंगाला बसतंच असं नाही, म्हणून नव्या फर्निचरचं बिल कितीही असलं तरी पहिल्याच दिवशी त्यातला मोठा हिस्सा मी सोडून देतो. पॅनेल, बॅटरी, फ्रिज यांना मात्र माणसाची उंची लागत नाही. त्यांचं उरलेलं आयुष्य मोजता येतं आणि ते मोजून घ्यावं. गॅसची नळी ही त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांत ती बदलायची असते. मी प्रत्येक गाडीत ती आधी पाहतो. तीनशे रुपयांची नळी ज्याने वेळेवर बदलली नाही, त्याने छपराचे जोड तपासले असतील असं मी धरून चालत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. खाली झरोका नसलेल्या गाडीचं मी मूल्यांकनच लिहीत नाही, आधी झरोका करायला सांगतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून आणखी एक रीत निघाली आहे, भाड्याच्या कमाईवरून किंमत सांगायची. दिवसाचं भाडं गुणिले महिन्याचे दिवस. उभ्या राहिलेल्या दिवसांचा, चालकाचा, दुरुस्तीचा आणि पावसाळ्याचा हिशेब त्यात कोणी दाखवत नाही. मागच्या दोन वर्षांच्या भाड्याच्या पावत्या दाखवल्या तर मी विचार करीन, नाहीतर तो आकडा कागदावर घेणार नाही.

त्या दांपत्याने दुसरी गाडी घेतली, आठ लाख वीस हजारांना. क्लच नवीन बसवला आणि शंभरपानी वहीही मागून घेतली. पहिल्या गाडीच्या मालकांना मी फळीमागचा गंज फोटो काढून दाखवला होता. त्यांनी मागणी बारा लाखांवरच ठेवली आहे आणि गाडी पुन्हा कव्हरखाली गेली आहे. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी असेल त्यांना एवढीच विनंती करतो, की विकायची असो वा नसो, येत्या पावसाआधी कव्हर काढा, छपरावर चढा आणि पंख्याच्या चौकटीभोवती बोट फिरवून पाहा.